उतारा छापतो, मग पाण्याचा आकडा का नको?

गेल्या हंगामातील, फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. गट ऑफिसात नेहमीप्रमाणे तोडणीच्या तारखेवरून हुज्जत चालली होती. इतक्यात नदीच्या खालच्या अंगाच्या गावातील एक सभासद भगिनी आल्या. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. पाणी काळपट तांबूस, चहाच्या चोथ्यासारखे. झाकण उघडल्याबरोबर दोघेतिघे मागे सरकले.

"माझं बी शेअर हाय ह्या कारखान्यात," त्या म्हणाल्या. "मालक म्हणून इचारायला आलोय. ह्ये पाणी कुणाचं?"

ऑफिसातील कुणीतरी म्हणाले, "मावशी, ते आपलं न्हवं. वरनं आलंय."

त्या काही बोलल्या नाहीत. बाटली तिथेच ठेवून निघून गेल्या. आम्ही तिथे हजर होतो, आणि आमच्याही तोंडून त्या वेळी काही शब्द फुटला नाही, हे कबूल केले पाहिजे.

"वरनं आलंय" हे उत्तर पंचगंगेच्या काठाला नवीन नाही. शिरोळकडची मंडळी इचलकरंजीकडे बोट दाखवतात, इचलकरंजी कोल्हापूरकडे दाखवते, कोल्हापूर कारखान्यांकडे दाखवते आणि कारखाने पुन्हा शहराच्या नाल्यांकडे. आपण शेतकरी सगळ्यांकडेच दाखवतो. असे वर वर जात राहिले तर शेवटी सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस तेवढा शिल्लक राहतो, आणि तो बिचारा तर स्वच्छच पडतो.

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीच्या संगमापर्यंत तिची लांबी सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे सकाळी मोटारसायकलवरून निघालेला माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत तिचा सारा काठ पाहून येईल. एवढ्याशा नदीवर केवढा पसारा उभा आहे! शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम सुरू केले, पुढे ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे झाले, गावोगावी सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, जॅकवेल बसल्या आणि माळाला ऊस आला. ऊस आला म्हणून कारखाना आला. आपल्या घरातील पोरांची शिक्षणे, लग्ने, दारातली गाडी, सगळे या पाण्यातून आले आहे. हे सांगायला आम्ही हवेत असे नाही, पण बिलाच्या दिवशी नदीची आठवण किती जणांना होते?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर सभासद म्हणतील की संपादक मंडळ शहरवाल्यांना मिळाले. नदीच्या घाणीत शहरांचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरचे सांडपाणी जयंती नाल्यातून, दुधाळी नाल्यातून नदीकडे येते. प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, तरी नाला ओसंडला, पंप बंद पडला अशा बातम्या दरवर्षी असतातच. इचलकरंजीचे कापडावर रंग चढवणारे प्रोसेस आहेत. काठावरच्या आपल्या गावांचे गटारही बहुतेक ठिकाणी सरळ ओढ्यात आणि ओढा नदीत. हे सारे खरे. पण महापालिकेच्या सभागृहात आपण बसत नाही, प्रोसेसचे मालकही आपण नाही. ज्या एका संस्थेचे आपण मालक आहोत, जिथे आपल्याला हात वर करून बोलता येते, ती ही. म्हणून आम्ही इथल्याबद्दल लिहितो.

नदी बिघडली म्हणजे काय होते याचा अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. दारात पंचगंगा असताना त्या शहराला दुसरीकडचे पाणी शोधावे लागले. कृष्णेवर योजना झाली, ती पुरेना म्हणून वारणेचे पाणी मागितले, तर दानोळी आणि वारणाकाठची गावे विरोधात उभी राहिली. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना पुढे आली, तर दूधगंगाकाठ उठला. एका नदीचे पाणी नासल्यावर भांडण तिघी बहिणींच्या दारात गेले. शेतकरी आणि यंत्रमाग कामगार, एकमेकांचे पाहुणे-रावळे, रस्त्यावर समोरासमोर आले. उद्या आपल्या गावाला पाणी मागायची वेळ आली तर कोण देणार आहे?

आता थोडे पाण्याच्या शास्त्राकडे. कारखान्यातून जाणारे पाणी 'विषारी' असते असे सरसकट म्हटले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. त्यात मुख्यतः साखर असते, रस असतो, मळी असते. मग साखरेने मासा कसा मरतो? तर पाण्यातील सूक्ष्म जंतू ही साखर खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. चांगल्या वाहत्या नदीच्या एक लिटर पाण्यात हा प्राणवायू ७ ते ८ मिलिग्रॅम असतो, त्याहून फारसा जास्त मावतच नाही. एक किलो साखर पूर्ण कुजायला एक किलोहून थोडा जास्त प्राणवायू लागतो. हिशेब केला तर एक किलो साखर सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. पन्नास किलोचे एक पोते म्हणजे ७० लाख लिटर. वाहत्या पाण्याला हवेतून पुन्हा प्राणवायू मिळतो, म्हणून पावसाळ्यात हे जाणवत नाही. पण पावसाळा संपला की आपण बंधाऱ्यांना बरगे घालतो, पाणी तुंबते, संथ होते. नेमका त्याच वेळी हंगाम सुरू असतो. मग तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मासे तोंड वर काढून तडफडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. त्यानंतर वरून पाणी सोडून, बरगे काढून घाण पुढे ढकलली जाते. म्हणजे आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटायचा आणि अंगण झाडले म्हणायचे.

हे पोतेभर साखरेचे गणित आम्ही मुद्दाम मांडले. कारण कारखान्याच्या नाल्यातून जाते ती कुणाची साखर? आपलीच. पंपाच्या ग्लँडमधून ठिबकणारा रस, टाकी भरून सांडलेला सिरप, पॅनमधून कंडेन्सरच्या पाण्याबरोबर उडून गेलेली साखर, फरशी धुतलेले पाणी, सगळ्याची बेरीज उताऱ्याच्या हिशेबात 'अज्ञात घट' म्हणून एका ओळीत मांडली जाते. सभासद ती ओळ वाचत नाहीत. उतारा पॉइंट एकने घसरला तर आपण चेअरमनांना धारेवर धरतो, आणि तोच पॉइंट एक ओढ्यातून वाहत गेलेला असला तर त्याच्याकडे पाठ फिरवतो. नाला स्वच्छ ठेवणे आणि उतारा राखणे ही दोन कामे नाहीत, एकच आहे. जुन्या चीफ केमिस्ट लोकांना हे पक्के ठाऊक असे. आमच्या माहितीतील एक जण, आता निवृत्त आहेत, रोज सकाळी ऑफिसात जाण्याआधी गटारावर जाऊन उभे राहत. कामगार हसायचे.

दुसरी गंमत उसातील पाण्याची. उसात साधारण ७० टक्के पाणीच असते. पाच हजार टनांचा कारखाना रोज उसाबरोबर सुमारे ३५ लाख लिटर पाणी आत घेतो. त्यातले निम्मेशिम्मे नीट पकडून वापरले तरी नदीतून उचलायचे पाणी कितीतरी कमी होईल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमानुसार कारखान्याला टनामागे २०० लिटरच पाणी बाहेर सोडता येते, तेही शुद्ध करून. म्हणजे नियम अवघड आहेत अशी तक्रार करायला फारशी जागा नाही. गरज आहे ती व्हॉल्व्ह आणि ग्लँड वेळेवर बदलण्याची आणि शुद्धीकरण केंद्र हंगामाआधी महिनाभर चालू करण्याची. हे केंद्र म्हणजे जिवंत वस्तू आहे, त्यात जंतू वाढवावे लागतात. मोळी टाकल्यावर बटण दाबून ते सुरू होत नाही.

खरा धोका मात्र डिस्टिलरीत आहे. २०१८ नंतर इथेनॉलचे धोरण आले आणि कारखान्यांना चांगले दिवस दाखवले. इथेनॉलचे पैसे साखरेपेक्षा लवकर येतात, एफआरपी वेळेत देता येते, हे आम्हाला मान्य आहे. पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १२ लिटर स्पेंटवॉश तयार होतो. रोज ६० हजार लिटरची डिस्टिलरी असेल तर सहा लाख लिटर काळे पाणी, रोज. त्याची प्राणवायू खाण्याची ताकद शहराच्या सांडपाण्याच्या शेकडो पट. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात ओतला तर पाच कोटी लिटरहून जास्त पाण्याचा प्राणवायू जाऊ शकतो. म्हणूनच डिस्टिलरीने स्पेंटवॉशचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. गॅस काढा, आटवा, बॉयलरमध्ये जाळा किंवा प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करा. हे सर्व करता येते आणि जिथे मनावर घेतले तिथे होतेही. अडते ते लगूनच्या भिंतीशी, अवकाळी पावसाशी आणि "आजच्या रात्री जाऊ दे" म्हणणाऱ्या माणसाशी.

कायदे कमी नाहीत. महाराष्ट्राने स्वतःचा पाणी प्रदूषण प्रतिबंध कायदा १९६९ सालीच केला, देशाचा १९७४ साली आला. साखर आणि डिस्टिलरी हे दोन्ही जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांच्या यादीत आहेत, आणि अशा उद्योगांनी सांडपाण्यावर ऑनलाइन मीटर बसवून आकडे मंडळाला पाठवायचे असतात. म्हणजे आकडे नाहीत असे नाही. मुंबईला जातात, दिल्लीला जातात. फक्त मालकाला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, ते कुणी दाखवत नाही. आणि आपण मागत नाही.

वार्षिक सभेचे चित्र आठवा. दोन तास दरावर, सवलतीच्या साखरेवर, तोडणीच्या यादीवर आरडाओरडा. त्यानंतर विषय क्रमांक वाचायला सुरुवात झाली की "मंजूर, मंजूर", आणि मंडळी जेवणाच्या मांडवाकडे. इतक्या वर्षांत एकाही सभासदाने माइक हातात घेऊन "शुद्धीकरण केंद्र हंगामात किती दिवस बंद होते?" असे विचारल्याचे आम्हाला स्मरत नाही. आम्हीही विचारले नाही.

आता आपल्या बांधाच्या आत येऊ. इथे 'वरनं आलंय' म्हणायची सोय नाही.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र ही शिफारस आहे, एकरी १०० किलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तरी ४५ किलोच्या पाच पिशव्यांच्या आत भागते. आपल्यापैकी किती जण पाचवर थांबतात? शेजाऱ्याने आठ टाकल्या की आपण दहा टाकतो, वर मिश्र खत वेगळे. युरियाचे जमिनीत नायट्रेट होते आणि नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर चालू लागते. त्यात आपली रात्रीची लाईट. मोटार चालू करायची, पाणी सरीला लावायचे आणि घरी येऊन झोपायचे. पहाटेपर्यंत पाणी सरी ओलांडून ओढ्याला लागलेले असते, आणि त्याच्याबरोबर पिशवीतला युरियाही. नदीवर जे केंदाळ माजते ते याच खतावर आणि शहराच्या मैल्यावर पोसलेले असते. खताच्या दुकानाचे बिल आपण भरायचे आणि पीक केंदाळाचे यायचे. शिवाय उशिरा टाकलेल्या जादा नत्राने ऊस हिरवागार दिसतो, पण रसातील साखर कमी भरते. पुन्हा उताराच!

शिरोळकडे क्षारपड झालेल्या जमिनी पाहिल्या म्हणजे जास्तीचे पाणी आणि खत काय करते ते कळते. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याचे चांगले काम त्या भागात झाले आहे, पांढरी पडलेली राने पुन्हा पिकली आहेत. पण निचऱ्याचे खारे पाणीही शेवटी नदीकडेच जाते, हे विसरून चालणार नाही. पाण्याला जायला दुसरी जागाच नाही.

उपाय माहीत नाहीत असेही नाही. नत्र चार हप्त्यांत द्यावे, माती तपासून द्यावे, खोडव्याला पहारीने भोक पाडून खत मातीआड करावे, पाचट जाळू नये, ते सरीत ठेवावे. आपले शेती खाते हे दर वर्षी सांगते, आपण मान डोलावतो. पहारीचे काम कष्टाचे आहे, मजूर मिळत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण निदान पाटाचे पाणी ओढ्यात पोचण्याआधी मोटार बंद करायला मजूर लागत नाही.

आणि हा प्रश्न एकट्या पंचगंगेचा नाही, जिथे जिथे ऊस तिथे तिथे तो उभा राहिला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला आपल्यासारखेच ऊसकरी आहेत. त्यांच्या रानातले पाणी छोट्या नद्यांतून थेट समुद्रात उतरते, आणि समोर आहे २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळाची जगप्रसिद्ध रांग. उसाला टाकलेले नत्र आणि तणनाशक त्या पाण्यात जाते असे दिसल्यावर २००९ साली तिथल्या सरकारने ऊस शेतकऱ्यांसाठी कायदा केला: माती तपासा, तपासणीवरून खताचा हिशेब काढा, टाकलेल्या खताची नोंद वहीत ठेवा. २०१९ मध्ये तो आणखी कडक झाला. तिथले शेतकरीही चिडले, "आमच्याच मागे का लागता" म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, समुद्राच्या वाढत्या उष्णतेनेही प्रवाळ मरतात. पण नोंदी ठेवाव्या लागल्या, आणि त्यांच्या संघटनेने पुढे स्वतःच चांगल्या शेतीची प्रमाणपत्रे सुरू केली. सांगायचे इतकेच की, आपण स्वतः वही धरली नाही तर कुणीतरी दुसरा ती आपल्या हातात कोंबतो. त्यांचा समुद्र त्यांना बांधावरून दिसतो. आपला समुद्र दूर आहे. पंचगंगा कृष्णेत, कृष्णा अलमट्टीवरून आंध्रात आणि तिथून बंगालच्या उपसागरात. वाटेत किती गावे तोंडाला पाणी लावतात ते मोजायला कुणी बसत नाही.

काही सभासद म्हणतात, "महापूर येतो आणि सगळं धुऊन नेतो." २०१९ चा आणि २०२१ चा महापूर आपण अंगावर घेतला आहे. पुराने काय धुतले आणि काय घरात आणून टाकले, हे शिरोळ-करवीरच्या मायबहिणींना विचारावे. आणि समजा धुतले, तरी नोव्हेंबरात पुन्हा बरगे पडतातच.

राहिला पैशाचा प्रश्न. तोच मोठा. शुद्धीकरण नीट चालवायचे तर वीज लागते, माणसे लागतात, केमिकल लागते. स्पेंटवॉश जाळण्याचा बॉयलर कोट्यवधींचा. 'कपात' शब्द ऐकला की आपले कान उभे राहतात, आमचेही राहतात. आमचे मत असे, की उसाच्या बिलातून यासाठी एक पैसाही कापू नये, पण डिस्टिलरीच्या उत्पन्नातून तिच्या पाण्याचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढावा आणि मग नफा धरावा. तसे केल्याने दिवाळीच्या हप्त्यात टनाला चार-दोन रुपये कमी आले तर ओरड करू नये. हे आम्ही लिहितो आहोत खरे, पण दिवाळीच्या तोंडावर हे शब्द आठवणीत ठेवणे आम्हालाही जड जाणार आहे. संचालक मंडळाला हा मजकूर रुचेल की नाही ठाऊक नाही. छापू दिला याबद्दल आभार मानतो.

तर आमची मागणी साधी आहे. या वार्तापत्राच्या मागल्या पानावर दर महिन्याला गाळप, साखर पोती आणि उतारा छापला जातो. त्याच्याच खाली चार ओळी वाढवाव्यात: महिन्याभरात नदीतून उचललेले पाणी, बाहेर सोडलेले पाणी, त्या पाण्याची तपासणी, आणि शुद्धीकरण केंद्र बंद राहिलेले दिवस. आकडा वाईट आला तरी छापावा. शून्य उताऱ्याचा दिवस आपण छापतोच की. तपासणीचा नमुना घेताना महिन्यातून एकदा खालच्या गावातील दोन सभासद सोबत असावेत, त्यात एक महिला असावी.

वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा तर तो मुदतीत लेखी द्यावा लागतो, नाहीतर "ऐनवेळचा विषय" म्हणून बाजूला पडतो. वरील मागणीचा अर्ज आम्ही तयार केला आहे. प्रती प्रत्येक गट ऑफिसात ठेवल्या आहेत, सभासद क्रमांक घालून सही करावी. पहिली सही बाटलीवाल्या मावशींची आहे. त्यांची बाटली अजून ऑफिसच्या खिडकीत आहे, तळाला बोटभर काळा गाळ बसला आहे.